थोर वादक कोणास म्हणावे?

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास हलका आहे. परंतु त्यावरून चांगली शहाणीसुरती माणसे हातघाईवर आलेली मी पाहिली आहेत. विषय असा की, वाद्य वाजविणारे हजारो असताना त्यांतील एखाद्यासच ‘थोर’ हे विशेषण आपण कोणत्या आधारावर देतो? गिटार ह्या वाद्यापुरता हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नामक मासिकाने 2003 साली शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची एक यादी छापली आणि तीत पहिला मान जिमी हेंड्रिक्स ह्यास दिला. वीस वर्षांनी, 2023 साली, त्याच मासिकाने अडीचशे नावांची नवी यादी प्रसिद्ध केली. पहिला मान पुन्हा हेंड्रिक्सलाच मिळाला. खालच्या नावांची मात्र पुष्कळच उलथापालथ झाली. मौज अशी की, ह्या यादीतील कित्येक वादक पहिली यादी निघण्यापूर्वीच निवर्तलेले होते. खुद्द हेंड्रिक्स 1970 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. मृत माणसाच्या वादनात वीस वर्षांत भर पडत नाही की घटही होत नाही. ज्या मापाने काल धान्य खंडीभर भरले त्याच मापाने आज ते बारा मण भरू लागले, तर दोष धान्याचा नसून मापाचा आहे, हे आमच्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल.

तेव्हा वादकांची नावे क्षणभर बाजूस ठेवून आपण त्या मापाकडेच पाहू.

प्रारंभीच सांगतो की, मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सारे आयुष्य जव्हार तालुक्यात मास्तरकी करण्यात गेले. शाळेची पेटी प्रार्थनेपुरती वाजविली, एवढाच माझा वाद्याशी हस्तस्पर्श. परंतु जामसरसारख्या गावी राहणाऱ्यास एक गोष्ट आपोआप लाभते: एकच वाद्य, एकाच अंगणात, निरनिराळ्या माणसांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकण्याची संधी. ते वाद्य म्हणजे तारपा. आणि माझे म्हणणे असे आहे की, थोर गिटारवादक कोण ह्या प्रश्नाचा उलगडा करावयाचा असेल, तर तारप्याच्या फेऱ्यात जाऊन उभे राहिल्याने तो पुष्कळ सुलभ होतो.

शहरातील श्रोत्यांनी तारपा बहुधा वारली चित्रांत पाहिला असेल. डहाणूकडील गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि जे 2018 साली निवर्तले, त्यांच्या व त्यांच्यामागून आलेल्या चित्रकारांच्या कामांत हा देखावा हटकून आढळतो: मध्ये लांब वाद्य तोंडाशी धरून वाकलेला एक मनुष्य, आणि त्याच्याभोवती हातांत हात गुंफलेल्या स्त्रीपुरुषांची सापासारखी वळलेली रांग. त्या चित्रात वाजविणारा मध्यभागी आहे, हे लक्षात ठेवावे. आणि तो आकाराने इतरांहून मोठा काढलेला नसतो, हेही लक्षात ठेवावे.

तारप्याची घडण अशी. एक भोपळा वाळवून आतून पोकळ करावयाचा व फुंकण्यासाठी त्यास भोक पाडावयाचे. भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवावयाच्या. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकाशी बांबूचीच पातळ चीर दिलेली जीभ असते, आणि फुंकर लागली की ती थरथरून नाद उत्पन्न करते. बोटांसाठी नळ्यांना भोके असतात. सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजविलेले, आणि खालच्या टोकास ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. कोठे खिळा नाही, कोठे तार नाही. रानात जे मिळते त्याचेच हे वाद्य. कोणी ते हातभर लांबीचे करतात, कोणी पुरुषभर उंचीचेही.

आता गिटार व तारपा ह्यांत एक मोठा भेद आहे, आणि पुढील सारे विवेचन त्याजवर आधारलेले असल्यामुळे तो जरा सविस्तर सांगतो. गिटारीची तार छेडली की स्वर जन्मास येतो तो पूर्ण जोराने, आणि त्याच क्षणापासून मरू लागतो. वादकाने काही करो वा न करो, तो विरणारच. म्हणून गिटार वाजविणारास सदैव स्वराच्या मरणाची चिंता वाहावी लागते: त्यास किती वेळ जगू द्यावे, बोट हलवून थोडा कंप देऊन त्याचे आयुष्य कसे वाढवावे, की हात ठेवून तो मध्येच मिटवावा. तारप्याचे नेमके उलटे. तारप्याचा स्वर मरतच नाही. वाजविणारा नाकाने श्वास घेत असता गालांत साठविलेली हवा भोपळ्यात ढकलीत राहतो. त्यामुळे फुंकर क्षणभरही तुटत नाही. तास दीड तास नाद अखंड चालू. म्हणजे गिटारवाल्यापुढे प्रश्न स्वर टिकविण्याचा, आणि तारपेकऱ्यापुढे प्रश्न स्वर वेगळे करण्याचा. ज्या वाद्यात विराम घेताच येत नाही त्यात एका शब्दानंतर दुसरा शब्द यावा तशी वाक्यरचना करावयाची कशी? ते त्याने केवळ बोटांच्या उघडझापीने साधावयाचे असते.

ह्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. प्रत्येक वाद्यात त्याच्या घडणीमुळेच एक उणीव राहिलेली असते, आणि वादकाच्या पहिल्या परीक्षेची जागा तीच. गिटारीच्या दांडीवर पडदे ठोकलेले असतात. पडद्यावर बोट दाबले की नेमका तोच स्वर निघतो. दोन पडद्यांमधील जागा बहुतांशी मुकी. आमच्या संगीताचे तर सगळे मर्म त्या मधल्या जागेत, मींडेत. म्हणून गिटार हिंदुस्थानात आली तेव्हा राग तिच्यावर वाजणे शक्य नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. उत्तर सापडले ते हवाई बेटांतील रीतीत: गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची आणि पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी पोलादी कांडी तारेवरून सरकवावयाची. कांडी सरकली की स्वरही सरकतो, मींड साधते. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (1937 ते 2018) ह्यांनी सरोदवादक अली अकबर खाँ ह्यांजकडे तालीम घेऊन ह्याच रीतीने गिटारीवर राग वाजविले. 1967 साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी ह्यांच्या जोडीस त्यांची गिटार आहे. ज्यांना हा वाद घालावयाचा आहे त्यांनी ती मुद्रिका एकदा अवश्य ऐकावी. तिघांपैकी कोण वरचढ हे तीत ठरविता येत नाही, कारण तिघेही एकमेकांस वाट करून देण्यात गुंतलेले आहेत.

हार्मोनियमवरही असाच आक्षेप होता. पट्टी दाबली की ठराविक स्वर, मींड नाही. ह्या व अशाच कारणांवरून 1940 साली नभोवाणीने हार्मोनियमला आपले दार बंद केले, आणि ते अनेक वर्षे बंदच राहिले. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. परंतु गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यास साथ करीत तेव्हा ती उणीव कोणास जाणवली असेल असे वाटत नाही. उणीव वाद्यात असते. ती झाकणे अथवा तिचेच भूषण करणे हे माणसाच्या हाती. हेंड्रिक्सचेही मोठेपण ह्याच जागी आहे. विजेच्या गिटारीचा आवाज कर्ण्यातून निघून परत तारांवर आदळला म्हणजे एक कर्कश शीळ उठते. वादक व तंत्रज्ञ तिला टाळीत असत. हेंड्रिक्सने ती शीळ आवरून, वळवून, तिचाच स्वर म्हणून उपयोग केला. जे दोष म्हणून टाकले जात होते ते त्याने भाषेत घेतले. त्याच्या मुद्रिका ऐकून मला स्वतःला विशेष सुख होत नाही, हेही प्रांजळपणे सांगून टाकतो. परंतु आवड आणि योग्यता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर मग उणिवेवर मात केली म्हणजे मनुष्य थोर झाला काय? मला तसे वाटत नाही. ती केवळ पात्रता. आता वेगाविषयी बोलू, कारण तरुण मंडळींचा सारा भर तेथेच असतो. एका सेकंदात कोण किती स्वर काढतो ह्याची मोजदाद ते करतात. वेग ही तुच्छ वस्तू आहे असे म्हणणारांपैकी मी नव्हे. ‘भावना असली की झाले, तयारी कशाला’ असे म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतः रियाज टाळणारा असतो. बेसूर वाजविणारास कितीही गहिवर आला तरी ऐकणारास तो येत नाही. परंतु वेग हे साध्य मानले की काय होते त्याचे उत्तर दोन उदाहरणांनी मिळते.

जँगो राइनहार्ट हा भटक्या जमातीत वाढलेला वादक. 1928 साली तो राहत असलेल्या गाडीस आग लागून त्याच्या डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट जवळजवळ निकामी झाली. गिटारीच्या तारा दाबण्याचे काम डाव्या हाताचे. म्हणजे सुताराचा हात जावा तसेच हे. त्याने उरलेल्या दोन बोटांनी पुन्हा वादन बसविले आणि 1934 साली पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेली ह्या व्हायोलिनवादकाबरोबर पाच जणांचा जो मेळ उभा केला त्याच्या मुद्रिका आजही लोक ऐकतात. त्याचा वेग चार बोटांच्या वादकांस लाजविणारा होता. आता पाहा, त्या मेळात आणखी दोन गिटारवाले होते. त्यांचे काम केवळ ठेका धरण्याचे. जँगोची भरारी त्या दोघांच्या न हलणाऱ्या जमिनीवरून होती. परंतु कोणत्याही यादीत त्यांची नावे शोधावयास आपण जात नाही.

दुसरे उदाहरण बी. बी. किंग (1925 ते 2015) ह्यांचे. ते गात तेव्हा गिटार थांबे. ओळ संपली की गिटार उत्तर देई. स्वर थोडे, परंतु प्रत्येक स्वरास डाव्या हाताचा असा कंप की दोन स्वरांत माणूस ओळखावा. कीर्तनात बुवांचे पद पडते आणि टाळकरी ते उचलतात, तो प्रकार आपणांस परिचित आहे. येथे बुवा व टाळकरी एकच. असा वादक वेगाच्या शर्यतीत पहिल्या फेरीतच बाद होईल.

आता तारप्याच्या फेऱ्यात या. भाताचे नवे पीक हाती आले, दिवाळीचे दिवस जवळ आले की आमच्याकडे रात्री तारपा निघतो. वाजविणारा मध्ये, भोवती नाचणारे हातांत हात घालून फेर धरतात. घोळकाठी आपटून ताल देणारा एक गडी रांगेच्या तोंडाशी असतो. तारपेकरी जिकडे वळेल तिकडे फेर वळतो. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. मध्येच तो स्वर पालटतो, आणि तो पालट ऐकताच फेराची दिशा बदलते, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक चाळ्याची पावले निराळी. चाळा कोणता हे तोंडाने सांगावयाचे नसते, तारप्यानेच सांगावयाचे.

ह्या परिस्थितीत चांगला व थोर ह्यांतील भेद कसा उघडा पडतो ते पाहावे. वाजविणारा तयारीचा असला, परंतु आपल्याच करामतीत रंगला, तर पालट अवचित येतो. रांगेच्या तोंडाचे लोक वळतात, शेपटाचे वळत नाहीत, मध्ये हात सुटतात आणि फेर फाटतो. दुसरा एखादा पालट करण्यापूर्वी स्वर किंचित दाबतो, एक क्षण ताणून धरतो. नवख्याच्या कानास ते कळतही नाही. परंतु चाळीस माणसांच्या पायांस कळते. शेपटाचे पोर देखील वेळेवर वळते. पहिल्या प्रहरी ताजीतवानी असलेली मंडळी रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी थकतात, तेव्हा हा मनुष्य न सांगता लय थोडी उतरवितो. आणि शेजारच्या पाड्यावरून नवी तुकडी आली की चढवितो. डोळे अर्धवट मिटलेले दिसतात, परंतु कान पायांकडे लागलेले असतात. म्हाताऱ्या बाया, ज्या ‘आता आमच्याच्याने होत नाही’ म्हणून शेकोटीपाशी बसलेल्या असतात, त्या एक एक करून उठू लागल्या की समजावे, आज वाजविणारा कोणी वेगळा आहे. जामसरच्या आसपास कोणत्याही अंगणात विचारा. अमक्याचा तारपा चांगला की तमक्याचा, ह्यावर तेथे फारसे मतभेद आढळत नाहीत. मासिकांच्या यादीवर जन्मभर भांडणारे लोक आणि एका रात्रीत निकाल देणारे हे लोक, ह्यांत फरक एवढाच की ह्यांची परीक्षा पायांनी होते.

म्हणून मी माझे माप असे ठरविले आहे: वाजवीत असताना दुसऱ्याचे ऐकतो तो थोर. वाद्यावर प्रभुत्व हवेच, कारण ज्याचे चित्त आपल्या बोटांतच अडकले आहे त्यास दुसऱ्याचे ऐकण्यास सवड कोठून मिळणार? तयारीचा खरा उपयोग हाच की तिच्यामुळे कान मोकळे होतात. अहमदजान थिरकवा ह्यांच्यासारखा तबलानवाज गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांस साथ करीत असे. एकट्याने तबला वाजवून मैफल जिंकण्याचे सामर्थ्य ज्या हातांत, ते हात पदाखाली साधा ठेका धरून बसत. हा संयम ज्यास साधतो त्याच्या तयारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

ह्यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. कोणी म्हणेल, ‘मास्तर, तुमचे हे माप साथीदारास लावण्याचे आहे. जो रंगमंचावर एकटाच बसतो त्याचे काय?’ आक्षेप रास्त आहे. आंद्रेस सेगोव्हिया (1893 ते 1987) हा स्पेनचा वादक जन्मभर बहुतेक एकटाच वाजवीत आला. पूर्वी गिटार म्हणजे गुत्त्यातील व रस्त्यावरील वाद्य, मोठ्या सभागृहास न शोभणारे, अशी समजूत होती. सेगोव्हियाने बाखच्या व्हायोलिनसाठी रचलेल्या कृती गिटारीवर उतरविल्या, नामांकित रचनाकारांकडून गिटारीसाठी नव्या कृती मिळविल्या, आणि मोठमोठ्या सभागृहांत विजेच्या ध्वनिवर्धकावाचून वादन केले. हजारो माणसे बसलेली, आणि वाद्याचा आवाज एवढासा! ह्याने आवाज वाढविला नाही. श्रोत्यांस गप्प केले. येथे फेर नाचत नाही हे खरे. परंतु खोकला केव्हा थांबला, श्वास केव्हा रोखला गेला, हे त्या वाजविणाऱ्यास ऐकू येत असलेच पाहिजे. नाही तर इतका हळू स्वर काढण्याचे धैर्य त्यास झाले नसते. आणि त्याच्यामागून गिटार शिकणाऱ्यांच्या पिढ्यांस जे सभागृह उघडे मिळाले, तोही त्याचा फेरच म्हणावयाचा. मृत वादकास आपण दुसऱ्या कोणत्या रीतीने तोलणार? त्याच्यानंतर इतरांचे हात काय करू लागले, एवढेच पाहता येते.

कीर्ती हे माप मात्र मी मुळीच मानीत नाही. ‘हरे रामा हरे कृष्णा’ ह्या 1971 सालच्या चित्रपटातील ‘दम मारो दम’ ह्या गाण्याच्या आरंभीची गिटार आमच्या पिढीतील कोणाही माणसास आजही ओळखता येईल. ती भूपिंदर सिंग ह्यांनी वाजविली होती, हे दहांत एकालाही ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते त्यांतीलही बहुतेक त्यांना गायक म्हणूनच ओळखतात.

आमच्याकडील काही मुले आता गिटार शिकतात. चांगली गोष्ट आहे. परक्या वाद्याचा मला विटाळ नाही. भोपळ्याचा तारपा हा देखील कधी काळी कोणासाठी तरी नवाच असेल. त्यांना मी एक कसोटी सुचविली. आमच्याकडे वारली लग्नात धवलेरी असते. लग्नाची गाणी म्हणणारी, आणि त्या गाण्यांनीच लग्न लावणारी ही बाई. ती कोणत्याही पट्टीत बांधून गात नाही. तिच्या गळ्यास ज्या उंचीवर सोपे वाटेल तेथून ती सुरू करते, आणि ओळ तिच्या श्वासाप्रमाणे लांब अथवा आखूड होते. तिच्या मागे गिटार धरून दाखवा, म्हटले. एकाने धरली. पहिला अर्धा तास नुसता तिचा षड्ज शोधण्यात गेला. तारा चढवाव्या उतरवाव्या लागल्या. मग त्याने जी जी सुरावट घालावी ती बाईंना अडखळविणारी. शेवटी दोन तारांवर हळू ठोका धरून तो बसला तेव्हा बाई मोकळ्या गाऊ लागल्या. घांगळी वाजविणारे भगत हेच करीत आले आहेत: दांड्याला जोडलेले भोपळे, थोडक्या तारा, आणि वर देवाची कथा. तार कथेच्या खाली राहते. त्या मुलास ती दोन तारांची साथ फार हलकी वाटली. माझ्या मते त्या दिवशी त्याने प्रथमच गिटार वाजविली.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वयाची नव्वदी त्यांनी ओलांडली होती. तारपा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. ते वाजवितात इतकेच नव्हे, तर तारपा स्वतः घडवितातही. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे मी श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. गिटार दुकानात मिळते. सर्व एका मापाच्या. तारपा दुकानात मिळत नाही. योग्य आकाराचा भोपळा वेलीवर असतानाच हेरावा लागतो, बांबू पाहून आणावा लागतो, जीभ तासताना कान लावून तासावी लागते. ती जाड राहिली तर बोलत नाही, पातळ झाली तर किंचाळते. मेण उन्हाने मऊ होते, थंडीने तडकते. म्हणजे वाजविणारास आपल्या माणसांचे ऐकण्यापूर्वी भोपळ्याचे व बांबूचे ऐकण्याची सवय लागलेली असते. पुरस्कार मिळाल्यावर वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, भाषणे झाली. त्यांत वयाचा उल्लेख सर्वत्र होता. घडविण्याच्या कामाचे वर्णन मला फार थोड्या ठिकाणी वाचावयास मिळाले.

ह्या मापाची चर्चा मी एवढी लांबविली ह्याचे कारण केवळ तात्त्विक नाही. अलीकडे तारपा अंगणातून उठून रंगमंचावर गेला आहे. सांस्कृतिक कार्यक्रम होतात, स्पर्धा होतात; पथकास पाच सात मिनिटे मिळतात, समोर परीक्षक कागद घेऊन बसतात. अशा एका स्पर्धेस मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. एका पथकाच्या तारपेकऱ्याने वाद्य डोक्यावर उचलून गिरक्या घेतल्या, आवाज कमालीचा चढविला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच्या पाठीमागे नाचणाऱ्या मुलींची पावले चुकत होती, परंतु त्यांच्याकडे पाहतो कोण? दुसरा एक वृद्ध मनुष्य मान खाली घालून वाजवीत होता. त्याचा फेर एका अंगाने वळत होता. त्यास पाच मिनिटांत घंटा झाली. वास्तविक पाच मिनिटांत तारपा तापतही नाही. बक्षीस कोणास मिळाले हे सांगावयास नकोच. परत येताना गाडीत शाळकरी मुले त्या गिरक्यांचीच नक्कल करीत होती.

मुले ज्यास बक्षीस मिळते त्याचेच अनुकरण करतात. त्यात त्यांचा अपराध नाही. आज गिरकीस गुण दिले तर दहा वर्षांनी गिरकीच शिल्लक राहील, आणि पालटापूर्वी स्वर किंचित दाबून धरण्याची ती खूण, जी कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही, ती ज्यांच्या ओठांत आहे त्यांच्याबरोबरच जाईल. म्हणून अशा स्पर्धा भरविणाऱ्यांस माझी सूचना आहे. रंगमंच नको, मैदान घ्यावे. वेळ रात्रीची ठेवावी आणि प्रत्येक पथकास निदान अर्धा तास द्यावा. तारपेकऱ्यास त्याच्या पथकाबरोबर वाजवू द्यावेच, परंतु नंतर दहा मिनिटे दुसऱ्या गावच्या, त्याने कधी न पाहिलेल्या नाचणाऱ्यांबरोबरही वाजवावयास लावावे. परीक्षकांपैकी एकाने तारप्याकडे न पाहता केवळ फेराच्या शेपटाकडे पाहावे आणि हात किती वेळा सुटले तेवढे टिपून घ्यावे. आणि एक परीक्षक पाड्यावरची अशी म्हातारी असावी, जिला खुर्चीवर बसण्याची सक्ती नाही.